चिखलदऱ्याला गेलो होतो

“थंडी आहे का गं तिकडे?” नलूताईंनी फोनवर विचारलं.

मी पोहण्याच्या तलावाच्या काठावर, पाय पाण्यात सोडून बसले होते. नोव्हेंबर लागला होता, तरी दुपारचं ऊन पाठीला चटकत होतं.

“आहे ना, ताई. स्वेटर घालूनच बसलो आहोत.”

तेवढ्यात बडनेरा स्टेशनाच्या बाजूने गाडीची शिट्टी आली. लांबलचक, अगदी जिवावर आल्यासारखी. माझे पाय पाण्यातच थिजले.

“हा कसला आवाज?”

“बस, ताई. समोरच स्टँड आहे.”

“एवढा मोठा?”

“डोंगर आहेत ना. घुमतो.”

शेजारच्या खुर्चीत माझे यजमान, विलास, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसले होते. कागद थरथरत होता. मी फोन ठेवला तेव्हा कळलं की ते हसत होते. मला मात्र घाम फुटला होता.

आम्ही चिखलदऱ्याला नव्हतोच. अमरावतीतल्या आमच्या घरापासून सात किलोमीटरवर, बडनेरा रोडवरच्या एका हॉटेलात होतो.

याला कारण मी होते. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, पाच वर्षांपासून अंथरुणावर होत्या. अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी बसवली, ती कायमची. त्या नळीतून कफ ओढून काढायचं यंत्र, म्हणजे सक्शन मशीन, पलंगाशेजारी असायचं. दिवसातून आठ-दहा वेळा ते चालवावं लागे. सकाळी दोन तास एक बाई अंग पुसायला यायची. बाकी सगळं मी करत होते. पाच वर्षांत मी न्हाणीचं दार लावून आंघोळ केली नव्हती. आईंचा आवाज ऐकू यायला हवा ना.

नलूताई विलासच्या मोठ्या बहीण, नागपूरला मुख्याध्यापिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. आठशे पोरं त्यांच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने गप्प व्हायची म्हणे. पण आईंच्या गळ्यातल्या नळीकडे त्यांना बघवत नसे. दोन वर्षांपूर्वी त्या मला म्हणाल्या होत्या, जा दोन दिवस भावाकडे, मी बघते. मी अकोल्याला गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. दारात मला बघून ताई आत वळल्या. सकाळी बॅग भरताना म्हणाल्या, “ज्योत्स्ना, तुला मदतीला माणूस नको आहे. तुला बघायला माणूस पाहिजे.”

त्यानंतर दोन वर्षं त्या आल्या नाहीत.

या खेपेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती म्हणून त्यांनी आपण होऊन फोन केला. चार दिवस येते, म्हणाल्या, पण दोन अटी. मध्येच परत यायचं नाही आणि तासातासाला फोन करायचा नाही. मी करीन तेव्हाच बोलायचं. “आणि आलीस परत, तर मी पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही. मग बस तू आयुष्यभर एकटी.”

मी हो म्हटलं. त्या येण्याआधी मोठ्या अक्षरात सगळं लिहून पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवलं. दोन दिवस ताईंच्या हातून सगळं करवून घेतलं. सक्शनची नळी आत कशी टाकायची, बोटावरचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र कसं बघायचं. गळ्यातल्या नळीच्या आत आणखी एक नळी असते, ती कफाने बंद झाली तर फिरवून बाहेर काढायची आणि उकळून ठेवलेली दुसरी बसवायची, तेही सांगितलं. ते मात्र त्यांनी करून बघितलं नाही. “ते राहू दे,” म्हणाल्या. मीही म्हटलं, “बहुतेक लागणारच नाही.”

आम्ही चिखलदऱ्याला निघालो, आणि वाटेतल्या वलगावला पोचेपर्यंत माझ्या छातीत इतकं धडधडायला लागलं, की मी म्हणाले, “गाडी थांबवा.”

“काय झालं?”

“परत चला.”

विलासने गाडी एका रसवंतीसमोर बाजूला घेतली. मला ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत, पण स्टिअरिंगवर डोकं टेकवून बराच वेळ बसले.

“घरी गेलो तर ताई गेलीच समज,” शेवटी ते म्हणाले. “आणि या वेळी कायमची.”

“मला तीन तासांचा रस्ता नाही झेपणार. मध्ये फोनची रेंज पण नसते.”

“मग किती झेपेल?”

मी मनातल्या मनात मोजलं. “पंधरा मिनिटं.”

म्हणून बडनेरा रोड. ताईंना सांगायचं चिखलदराच.

पहिला दिवस मी नुसती फोनकडे बघत काढला. जेवण खोलीत मागवलं. कोणी ओळखीचं भेटलं तर? दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा नऊ वाजले होते. कोणीतरी चहा आणून दिला, आणि कप माझ्या हातात आयता आला. मी आंघोळीला गेले, आणि दार लावलं. बाहेर आले तेव्हा विलास म्हणाले, “तासभर होतीस.” मला दहा मिनिटं वाटली होती.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या बसच्या फोननंतर तासाभराने, पुन्हा नलूताईंचा फोन आला. पावणेचार वाजले होते.

“ज्योत्स्ना, आईच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येतोय.”

मी उभी राहिले. त्या शिट्टीचा अर्थ मला माहीत होता. हवा कोरडी झाली की कफ वाळतो आणि नळीत बुचासारखा बसतो.

“ताई, बोटावरचं यंत्र किती दाखवतंय?”

“अठ्ठ्याऐंशी.”

एरवी पंच्याण्णव असायचं.

“सक्शन करा. दोन थेंब सलाईन टाका आणि मग करा.”

“केलं. नळी आत जातच नाही. काहीतरी अडतंय.” त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. “ती माझ्याकडे बघतेय गं. डोळे मोठे करून बघतेय.”

“ताई, ऐका. फोन स्पीकरवर टाका आणि आईंच्या उशीपाशी ठेवा. ठेवलात? आता आतली नळी काढायची.”

“ती मी नाही काढणार.”

“दुसरा उपाय नाही.”

“तू म्हणाली होतीस लागणार नाही. मी नाही काढणार, ज्योत्स्ना. निघून आली आणि पुन्हा बसली नाही तर?”

विलासने तोवर दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली होती. त्यांनी मला पंजा दोनदा दाखवला, मग आणखी तीनदा. पंचवीस मिनिटं. मी गाडीकडे धावले. पायात हॉटेलच्या कापडी सपाता, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली.

गाडी रस्त्याला लागली. फोन माझ्या कानाला होता, आणि पलीकडे ताई काहीतरी शोधत होत्या. डबे पडल्याचे आवाज येत होते.

“काय शोधताय?”

“हातमोजे.”

“यंत्राच्या खालच्या कप्प्यात. हिरवा डबा.”

“सापडले.” मग एकदम, “पंच्याऐंशी.”

राजापेठच्या चौकात सिग्नल लाल होता. समोर एक ट्रॅक्टर उसाच्या मोळ्या भरून उभा. विलासने हॉर्नवर हात ठेवला. मी त्यांचा हात ओढून काढला आणि फोनवर तळवा दाबला.

“पोचल्यावर काय सांगणार?” ते कुजबुजले. “तीन तासांचा रस्ता आपण पंधरा मिनिटांत कसा आलो?”

“काही सांगणार नाही.”

“ती परत येणार नाही, ज्योत्स्ना.”

“नको येऊ दे. आई आधी.”

हिरवा दिवा लागला. पलीकडे ताई बोलत होत्या, माझ्याशी की स्वतःशी, ते कळत नव्हतं. “शाळेत एका पोराच्या नाकात खडू अडकला होता. तेव्हाही मी नाही काढला. शिपायाला बोलावलं. सगळ्यांना वाटायचं बाई खंबीर आहेत. मी नुसतं बोलावत होते सगळ्यांना.”

“ताई, मोजे घातले का?”

“घातले.”

“एका हाताने नळीची गळ्यावरची चकती दाबून धरा. ती अजिबात हलू द्यायची नाही. दुसऱ्या हाताने आतल्या नळीचं टोक पकडा.”

“माझा हात थरथरतोय.”

“थरथरू दे. पकडा.”

“ब्याऐंशी.”

विलासने गाडी आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर, भिंतीआड थांबवली. का तिथे थांबवली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मी उतरले आणि जिन्याकडे धावले. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. सपाता पायातून निसटत होत्या, त्या पहिल्या वळणावर टाकून दिल्या. दारापाशी पोचले तेव्हा किल्ली हातात तयार होती. ती कुलपात घातली.

आतून ताईंचा आवाज आला, फोनवरच्या आवाजाच्या किंचित आधी. “पकडलंय. आता सांग.”

आईंचा पलंग पुढच्या खोलीतच होता. दारापासून आठ पावलांवर. ती शिट्टीसुद्धा मला ऐकू येत होती, बारीक, तुटत तुटत येणारी.

मी किल्ली फिरवली नाही.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. ताईंची बोटं नळीवर होती. दार वाजलं असतं तर त्यांनी वळून बघितलं असतं, हात सोडून दिला असता आणि मागे सरकल्या असत्या. प्रत्येक वेळी सरकत तशा. आठ पावलं चालायला, मोजे घालायला, हात बसवायला मला लागणारा वेळ होता तरी किती? जेमतेम अर्धं मिनिट. ताईंना एक सेकंद पुरणार होता. मी दाराला कपाळ टेकवलं आणि हळू आवाजात बोलत राहिले.

“आता डावीकडे फिरवा. घट्ट असेल. जोर लावा.”

“फिरत नाही.”

“फिरते, ताई. मी रोज फिरवते.”

“मोजे घसरतायत. एकोणऐंशी. ज्योत्स्ना, ओठ काळे पडतायत तिचे.”

माझी बोटं किल्लीवर आवळली गेली. मी ठरवलं, तीन म्हणेपर्यंत.

“मोजा काढून टाका. उघड्या हाताने धरा. धरलं?”

“हो.”

एक.

“आता फिरवा आणि सरळ तुमच्याकडे ओढा.”

दोन.

आत काहीच आवाज नव्हता. शिट्टीही नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये कुकरची वाफ सुटली, आणि मला त्या बिचाऱ्या बाईचा इतका राग आला की बस.

मग खोकला आला. आईंचा तो खरखरीत, ओला खोकला, जो ऐकून पाहुणे उठून आतल्या खोलीत जायचे.

“निघाली,” ताई म्हणाल्या. “निघाली गं. केवढा खडा होता आत.”

“आता लगेच सक्शन. आत टाकताना सक्शनच्या नळीच्या भोकावरचा अंगठा काढून ठेवा, बाहेर ओढताना अंगठा दाबा. दहापर्यंत मोजा, त्याच्या वर नाही.”

यंत्र घरघरलं. ताई मोठ्याने मोजत होत्या, शाळेत कवायत घेतल्यासारख्या. मी दाराबाहेर ओठ हलवत त्यांच्याबरोबर मोजत होते. दहा झाले, थांबल्या. पुन्हा दहा. आकडे सांगू लागल्या: ब्याऐंशी, सत्त्याऐंशी, एक्क्याण्णव. उकळलेली नळी डब्यातून घेतली, बसवली, उजवीकडे फिरवली. “टक वाजलं,” त्या म्हणाल्या. “वाजायला पाहिजे ना?”

“हो, ताई. वाजायलाच पाहिजे.”

“त्र्याण्णव.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी, क्षणभर, आणखी काहीतरी झालं आणि ते सांगायला मला लाज वाटते. माझ्या हातातलं काहीतरी कोणी काढून घेतलं, असं वाटलं.

खाली अँब्युलन्सचा भोंगा आला. जिन्यात बुटांचे आवाज वर चढू लागले. मी किल्ली कुलपातून काढली आणि अनवाणीच वरच्या मजल्याच्या पायऱ्या चढून वळणाआड बसले. फोन बंद केला. दोन माणसं आत गेली. दार उघडंच राहिलं. एकाने काहीबाही तपासलं, मग म्हणाला, “नळी कोणी बदलली?”

“मी,” नलूताई म्हणाल्या.

“नर्स आहात का?”

“नाही. मुलगी आहे मी तिची.”

“चांगली बदललीत. उशीर झाला असता तर अवघड होतं.”

 मला ताईंचा हुंदका ऐकू आला, आणि त्यानंतर त्यांचा तो ठणठणीत मुख्याध्यापिकेचा आवाज, “बसा, पाणी देते.”

ती माणसं गेली, दार लागलं. मी भिंतीला धरून खाली उतरले. पहिल्या वळणावर सपाता पडल्या होत्या, त्या घेतल्या. गाडीत विलास दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. माझा चेहरा बघून आई ठीक आहेत हे त्यांना कळलं असावं. “आत गेलीस?” एवढंच म्हणाले.

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडी सुरू केली आणि वळवली.

वाटेत ताईंचा फोन आला. सगळं सविस्तर सांगितलं त्यांनी, जणू मला काही माहीतच नव्हतं. मीही हं हं करत ऐकलं. शेवटी म्हणाल्या, “घाबरून परत यायचं काही कारण नाही. उद्याचा दिवस राहा निवांत. देवी पॉइंटला जाऊन या.”

आम्ही राहिलो. त्या संध्याकाळी मी पोहण्याच्या तलावात उतरले. कपड्यांसकट. मला पोहता येत नव्हतं, अजूनही येत नाही. छातीभर पाण्यात नुसती उभी राहिले. विलास काठावर चहा पीत होते.

चौथ्या दिवशी घरी गेलो. ताईंनी दार उघडलं आणि विचारलं, “काय काय बघितलं?” विलासने धुकं, कॉफी, भीमकुंड असं सगळं सांगितलं. आई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्या गळ्याची पट्टी बघितली. माझ्यापेक्षा नीट बांधलेली होती.

त्यानंतर ताई दर दोन महिन्यांनी यायला लागल्या. चार दिवस, कधी आठ. मी भावाकडे गेले, पुतण्याच्या लग्नाला गेले, आणि तीन वर्षांनी आम्ही खरंच चिखलदऱ्याला गेलो. आई गेल्या त्या तेव्हाच. पहाटे झोपेत, ताई शेजारी असताना. निरोप मिळून मी घरी पोचेपर्यंत चार तास झाले. यायला उशीर झाला म्हणून नातेवाईक जे बोलायचं ते बोलले. ताईंनी त्यांना दोन वाक्यांत गप्प केलं.

तेरावा झाल्यावर आम्ही दोघी पुढची खोली आवरत होतो. सक्शन मशीन कोणा गरजूला द्यायचं ठरलं होतं. ताई खाली बसून त्याची वायर गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्या दिवशी तू बाहेर होतीस ना?”

मी हातातल्या चादरीची घडी घालता घालता थांबले.

“तुझा आवाज दोन्हीकडून येत होता,” त्या म्हणाल्या. “आधी दारातून, मग फोनमधून. पहिल्यांदा वाटलं मला भास होतोय.”

मी खाली त्यांच्यासमोर बसले. लपवण्यात आता अर्थ नव्हता. म्हणाले, “किल्ली कुलपात घातली होती, ताई. पण मी फिरवली नाही. मला वाटलं, मी आत आले तर तुम्ही सोडून द्याल.”

“दिलंच असतं.”

“म्हणून नाही आले.”

ताईंनी मान हलवली. मग जराशा हसल्या. आईंच्या माघारी पहिल्यांदाच.

“फिरवली असतीस तरी आत आली नसतीस,” त्या म्हणाल्या. “मी दुपारी आतून कडी लावते. मला उठून उघडावी लागली असती.”

“मग?”

“मग काय. तू बाहेर आहेस हे मला नळी फिरवायच्या आधीच कळलं होतं. तेव्हाच ठरवलं होतं, उठायचं नाही.”

तीन वर्षं मी समजत होते, की ते दार मी बंद ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनात जपलं होतं.

ताईंनी वायरला गाठ मारली, यंत्राची एक बाजू उचलली, आणि दुसरी धरायला मला मानेने खूण केली.